'क्लास नॉट रजिस्टर्ड': जुना प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर अडतो तेव्हा

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच्या आगेमागे दुकानांतले, पतसंस्थांतले, कर सल्लागारांच्या ऑफिसातले जुने डबे निघाले आणि विंडोज ११ ची नवी मशीन आली. जुन्यावरचा बिलिंगचा किंवा ठेवींच्या व्याजाचा प्रोग्रॅम फोल्डरसकट पेनड्राइव्हवर घ्यायचा, नव्यावर टाकायचा आणि डबल क्लिक करायचे, इतके सरळ काम वाटते. पण पडद्यावर प्रोग्रॅमऐवजी एक छोटी चौकट येते: 'रनटाइम एरर ३३९', नाहीतर 'क्लास नॉट रजिस्टर्ड', नाहीतर 'ॲक्टिव्हएक्स कंपोनंट कान्ट क्रिएट ऑब्जेक्ट'. खाली 'ओके' एवढे एकच बटण.

त्यानंतर काय होते हेही ठरलेले असते. कोणीतरी व्हिडिओ पाहून काळ्या खिडकीत रजिस्टर करायची आज्ञा देऊन बघतो. तेवढ्याने भागले नाही की हार्डवेअरवाला म्हणतो, "साहेब, फॉरमॅट मारू या." कालच बसवलेल्या विंडोजला पुन्हा बसवून काय साधणार, हे त्याला कोणी विचारत नाही. पहिला उपाय कधीकधी लागू पडतो, पण बरेच प्रकार त्याच्या आवाक्याबाहेरचे असतात. संदेशात शब्द 'रजिस्टर'चा असला तरी दुखणे दुसरेच असू शकते. म्हणून ओके दाबून चौकट घालवण्याआधी मोबाइलने तिचा फोटो काढा. आकडा, फाइलचे नाव आणि महिरपी कंसातली लांबलचक अक्षरे या तीन गोष्टी फोटोत स्पष्ट वाचता आल्या पाहिजेत. पुढचे सगळे निदान त्यांवरच चालते.

रजिस्टर व्हायचे असते ते काय

मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये 'कॉम' नावाची व्यवस्था आणली. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याने लिहिलेला तयार भाग वापरायचा, आणि तो भाग डिस्कवर कुठे आहे हे स्वतः लक्षात न ठेवता विंडोजला विचारायचे, अशी ही कल्पना. १९९८ मध्ये व्हिज्युअल बेसिक ६ आले आणि गावोगावच्या प्रोग्रॅमरांनी त्यात दूध संकलनापासून औषध दुकानापर्यंत सगळ्यांचे हिशेब बसवले. तारीख निवडायची चौकट, रकान्यांचा तक्ता, टॅबची पट्टी हे सारे त्यांनी स्वतः लिहिले नव्हते. ते ओसीएक्स आणि डीएलएल या प्रकारच्या वेगळ्या फाइलींतून येत होते. एमएसकॉमसीटीएल, एमएसकॉमसीटी२, एमएसएफएलएक्सजीआरडी, कॉमडीएलजी३२, टॅबसीटीएल३२ ही त्यांतली नेहमी भेटणारी नावे. प्रोग्रॅम चालवायला लागणारी व्हिज्युअल बेसिकची मूळ फाइल, एमएसव्हीबीव्हीएम६०, आजच्या विंडोज ११ मध्येही असते. या बाकीच्या ओसीएक्स मात्र विंडोजसोबत येत नाहीत. त्या आणायचे आणि त्यांची नोंद करायचे काम प्रोग्रॅमच्या मूळ सेटअपचे होते. नुसता फोल्डर उचलून आणला म्हणजे ते काम झालेच नाही.

ही नोंद होते विंडोजच्या रजिस्ट्रीत. प्रत्येक भागाला १२८ बिटांचा, बत्तीस अंकाक्षरांचा एक ओळख क्रमांक असतो; महिरपी कंसात दिसतो तो हाच. रजिस्ट्रीत त्या क्रमांकाखाली 'इनप्रॉकसर्व्हर३२' या नावाने फाइलचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. ही नोंद म्हणजे भागाचा सातबारा समजा. जमीन आहे पण उताऱ्यावर नाव नाही, उतारा आहे पण गटावर जमीनच नाही, आणि दोन्ही आहेत पण उतारा भलत्याच गावच्या दप्तरात आहे: तिन्ही तक्रारी निराळ्या आणि तिन्हींचे इलाजही निराळे.

आकडे काय सांगतात

३३९ हा त्यातल्या त्यात प्रामाणिक आकडा, कारण तो फाइलचे नाव घेऊन बोलतो. ती फाइल नाही, किंवा नोंदलेली नाही, किंवा ती ज्या दुसऱ्या फाइलीवर अवलंबून आहे ती नाही, एवढाच त्याचा अर्थ. ४२९ अधिक आडमुठा. प्रोग्रॅम नीट उघडतो, दिवसभर बिले होतात आणि संध्याकाळी अहवाल छापायला गेले की ४२९ उभा राहतो. जुन्या प्रोग्रॅमांत छपाईचे काम बऱ्याचदा क्रिस्टल रिपोर्ट्सच्या क्रॅक्सडीआरटी या डीएलएलकडे दिलेले असते आणि ती आणायचे कोणाच्या ध्यानात आलेले नसते. म्हणून ४२९ दिसला की नेमक्या कोणत्या बटणावर दिसला हे टिपून ठेवा. सॉफ्टवेअरवाल्याला फोन कराल तेव्हा त्याचे निम्मे काम त्यातच होते.

८००४०१५४ म्हणजे 'क्लास नॉट रजिस्टर्ड': विचारलेला ओळख क्रमांक रजिस्ट्रीत सापडला नाही. तो खरोखर नसेल, किंवा असूनही प्रोग्रॅमला दिसत नसेल. या दुसऱ्या शक्यतेकडे पुढे सविस्तर येऊ.

रजिस्टर करताना येणारे आकडे वेगळे. ८००२८०१सी किंवा ८००७०००५ आला तर फाइलीत दोष नाही, तुमच्या अधिकारात आहे. तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन केलेले असले तरी विंडोज व्हिस्टापासून साधी उघडलेली काळी खिडकी रजिस्ट्रीच्या त्या भागात लिहू शकत नाही. स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधून उजवे क्लिक आणि 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर', असेच उघडावे लागते.

'एंट्री पॉइंट डीएलएलरजिस्टरसर्व्हर वॉज नॉट फाउंड' असा संदेश आला तर तिथेच थांबा. त्या फाइलीत स्वतःची नोंद करण्याची सोयच नाही आणि शंभरदा आज्ञा दिली तरी ती येणार नाही. साध्या डीएलएल प्रोग्रॅमच्या फोल्डरात नुसत्या ठेवायच्या असतात. डॉटनेटमध्ये लिहिलेल्या डीएलएलसाठी 'रेगॲझम' हे निराळे साधन आहे. तिला जुन्या आज्ञेने रजिस्टर करायला गेले की हाच संदेश मिळतो.

राहिला 'मॉड्यूल फेल्ड टू लोड'. हा सर्वांत फसवा, कारण त्याच्या शेवटी 'द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड' असे असते आणि फाइल तर समोर दिसत असते. न सापडलेली गोष्ट बहुधा तुमची फाइल नसते, तिला लागणारी दुसरी असते. व्हिज्युअल सी++ मध्ये घडवलेल्या भागांना मायक्रोसॉफ्टचे त्या सालचे 'रीडिस्ट्रिब्युटेबल' लागते, आणि प्रोग्रॅम ३२ बिटचा असेल तर विंडोज ६४ बिटची असली तरीही एक्स८६ नावाचेच लागते. कोणत्या फाइलीला काय लागते हे पाहायला पूर्वी डिपेंडन्सी वॉकर वापरत. नव्या विंडोजवर ते खऱ्यासोबत बरीच खोटी लाल चिन्हे दाखवून घाबरवते, म्हणून त्याच धर्तीचे 'डिपेंडन्सीज' हे नवे मोफत साधन घ्यावे.

दोन दप्तरे: ३२ आणि ६४

आता खऱ्या घोळाकडे. विंडोज ११ ची ३२ बिटची आवृत्तीच निघालेली नाही. जुने मशीन ३२ बिटच्या विंडोज ७ वर असेल, तर प्रोग्रॅमने आजवर एकच दप्तर पाहिलेले असते. ६४ बिटच्या विंडोजमध्ये दोन असतात. फाइलींसाठी विंडोज फोल्डरात सिस्टिम३२ आणि सिसवाऊ६४ हे दोन फोल्डर, आणि रजिस्ट्रीत मुख्य शाखेशिवाय 'वाऊ६४३२नोड' नावाची वेगळी शाखा. नावांनी इथे उलटेच केले आहे: सिस्टिम३२ मध्ये ६४ बिटच्या फाइली राहतात आणि सिसवाऊ६४ मध्ये ३२ बिटच्या. जुन्या प्रोग्रॅमांत सिस्टिम३२ हे नाव पक्के कोरलेले होते, ते मोडू नये म्हणून मायक्रोसॉफ्टने नाव तसेच ठेवले आणि आतला माल बदलला.

याच्यावर आणखी एक पडदा आहे. ३२ बिटच्या प्रोग्रॅमने सिस्टिम३२ मागितले की विंडोज त्याला न सांगता सिसवाऊ६४ कडे नेते. म्हणजे तुम्ही फाइल एक्सप्लोररमधून ओसीएक्स सिस्टिम३२ मध्ये टाकली, तुम्हाला ती तिथे दिसते, पण ज्याच्यासाठी टाकली त्या जुन्या प्रोग्रॅमला ती कधीच दिसणार नाही. 'फाइल आहे तरी म्हणतो नाही' या तक्रारींतल्या पुष्कळ इथल्या असतात. व्हिज्युअल बेसिक ६ चे सगळे प्रोग्रॅम ३२ बिटचे, त्यामुळे त्यांच्या ओसीएक्सची जागा सिसवाऊ६४. सिस्टिम३२ मध्ये टाकून बसला असाल तर तिथली प्रत काढा. मात्र तुम्ही टाकलेलीच काढा, तिथल्या दुसऱ्या कशाला हात लावू नका.

रजिस्टर करणारा छोटा प्रोग्रॅमही दोन प्रतींत असतो, आणि गंमत म्हणजे दोन्हींचे नाव एकच: आर, ई, जी, एस, व्ही, आर आणि ३२ सलग. सिसवाऊ६४ मधला ३२ बिटचा, सिस्टिम३२ मधला ६४ बिटचा. नुसते नाव टाइप केले की ६४ बिटचा उघडतो. फाइल ३२ बिटची आहे हे ओळखून तो बहुधा काम दुसऱ्याकडे सोपवतो, पण मी त्याच्या भरवशावर राहत नाही. ॲडमिनिस्ट्रेटरच्या काळ्या खिडकीत आधी सिसवाऊ६४ फोल्डरात जायचे, तिथे या साधनाचे नाव, एक मोकळी जागा, आणि मग फाइलचे नाव एक्सटेन्शनसकट. फाइल दुसऱ्या फोल्डरात असेल तर पूर्ण पत्ता द्यायचा, आणि पत्त्यात कुठे मोकळी जागा असेल तर तो सगळा दुहेरी अवतरणात घ्यायचा. 'सक्सीडेड' असा संदेश आला की झाले. जुनी चुकीची नोंद काढायची असेल तर नावाच्या आधी तिरकी रेघ आणि यू.

नोंद झाली की फाइल तिथून हलवायची नाही, हे मुद्दाम सांगतो. रजिस्ट्रीत पूर्ण पत्ता उतरलेला असतो. डेस्कटॉपवरून किंवा पेनड्राइव्हवरून रजिस्टर करून नंतर फाइल 'नीट' जागी ठेवणारे हुशार लोक आहेत. पेनड्राइव्ह काढला की त्यांचा प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी पुन्हा रुसतो.

कोणती फाइल कुठे नोंदली आहे हे पाहायचे तर 'रेजएडिट' उघडा, 'एचकी क्लासेस रूट' खाली वाऊ६४३२नोड, त्यात सीएलएसआयडी, त्यात तुमच्या फोटोतला क्रमांक. क्रमांकच नसेल तर नोंद नाही. क्रमांक आहे पण इनप्रॉकसर्व्हर३२ मधला पत्ता अस्तित्वात नसलेल्या फोल्डराचा असेल तर नोंद शिळी आहे. फाइल जागेवर ठेवून पुन्हा रजिस्टर करा, पत्ता हाताने दुरुस्त करत बसू नका. आणि क्रमांक वाऊ६४३२नोडमध्ये आहे पण विचारणारा प्रोग्रॅम ६४ बिटचा आहे, असे निघाले तर कितीही रजिस्टर केले तरी उपयोग नाही. ६४ बिटचा प्रोग्रॅम ३२ बिटची डीएलएल आपल्या पोटात घेऊच शकत नाही.

एक्सेलचा नेहमीचा पेच

बिट न जुळण्याची ही परिस्थिती सर्वांत जास्त भेटते ती एक्सेलच्या निमित्ताने, फक्त उलट्या बाजूने. प्रोग्रॅममधून एक्सेलची फाइल आत घ्यायला गेले की 'मायक्रोसॉफ्ट एसीई ओएलईडीबी १२.० प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड ऑन द लोकल मशीन' असे येते. "अहो, ऑफिस तर घातलंय!" हे उत्तर प्रत्येक ठिकाणी ऐकू येते. घातलेले असते, पण २०१९ च्या आवृत्तीपासून ऑफिस, वेगळे काही निवडले नाही तर, ६४ बिटचे बसते आणि आपला जुना प्रोग्रॅम ३२ बिटचा असतो. एक्सेलमध्ये फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल इथे गेलात की पहिल्याच ओळीत किती बिटचे ते लिहिलेले सापडेल. प्रोग्रॅमचे बिट पाहायला टास्क मॅनेजरच्या डिटेल्स पानावर रकान्यांच्या शीर्षकावर उजवे क्लिक करून 'प्लॅटफॉर्म' हा रकाना दाखवायला सांगा.

दोन्ही ३२ बिटचे असतील तर मायक्रोसॉफ्टचे 'ॲक्सेस डेटाबेस इंजिन' त्याच बिटचे बसवले की सुटले. ऑफिस ६४ आणि प्रोग्रॅम ३२ असेल तर ३२ बिटचे इंजिन बसायलाच नकार देते. त्याला गुपचूप बसवायच्या युक्त्या फिरत असतात. मायक्रोसॉफ्ट त्यांची जबाबदारी घेत नाही आणि पुढच्या एखाद्या ऑफिस अपडेटला सगळे पुन्हा विस्कटू शकते, म्हणून मी त्या सुचवत नाही. ऑफिस काढून त्याच परवान्यावर ३२ बिटचे बसवा. ६४ बिटच्या विंडोजवर ते उत्तम चालते आणि दुकानाच्या कामाला त्यात काही उणे पडत नाही. महिन्याला लाखो ओळींचे तक्ते हाताळणाऱ्याने मात्र प्रोग्रॅमच बदलून घ्यावा.

फाइल कुठून आणायची

हरवलेल्या डीएलएलचे नाव इंटरनेटवर शोधले की मोफत डाउनलोड देणाऱ्या जागांची रांग लागते. तिथे जाऊ नका. हे उगाच भीती घालणे नव्हे. एमएसकॉमसीटीएल या एकाच ओसीएक्समधल्या दोषासाठी मायक्रोसॉफ्टला एप्रिल २०१२ मध्ये एमएस१२-०२७ ही तातडीची दुरुस्ती काढावी लागली होती. नुसते वर्डचे किंवा आरटीएफचे कागद उघडायला लावून त्या दोषातून मशीन ताब्यात घेतली जात होती, आणि दुरुस्ती येऊन वर्षे लोटली तरी हल्लेखोर तो वापरत राहिले. अनोळखी जागेवरून आणलेली प्रत त्या आधीची असेल तर तुम्ही स्वतःच्या हाताने, तेही ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने, जुने भगदाड पुन्हा पाडता. प्रत मुद्दाम बिघडवलेली असेल तर बोलायलाच नको: रजिस्टर करणे म्हणजे त्या फाइलीतला कोड चालवणेच असते.

पहिला हक्क मूळ सेटअपचा. सीडी असो, जुन्या मेलमधली झिप असो, ती शोधा आणि उजव्या क्लिकने ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. सेटअप फाइलींचा क्रम जाणतो, तुम्ही-आम्ही अंदाज करतो. ते नसेल तर जुने मशीन भंगारात देण्याआधी त्यातून फाइली काढून घ्या. जुनी विंडोज ३२ बिटची असेल तर त्या सिस्टिम३२ मध्ये, ६४ ची असेल तर सिसवाऊ६४ मध्ये सापडतील. प्रॉपर्टीजच्या डिटेल्समध्ये आवृत्ती पाहून दोन प्रतींतली नवी घ्या. मेलने किंवा डाउनलोड करून आलेल्या फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये तळाशी 'अनब्लॉक' असा खूण करायचा चौकोन असेल तर ती खूण करा. आणि फाइल ठेवल्यावर दोन मिनिटांत गायब होत असेल तर अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये डोकावा.

रजिस्ट्री 'साफ' करून देणाऱ्या प्रोग्रॅमांबद्दल एकच वाक्य: ते काढून टाका, कारण त्यांना निरुपयोगी वाटलेल्या नोंदींत तुमच्या बिलिंगची नोंद असू शकते.

तरीही गाठ सुटत नसेल

नाव न सांगणारा ४२९ किंवा ८००४०१५४ अडवून बसला असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटरनल्स संचातला 'प्रोसेस मॉनिटर' मोफत मिळतो. तो चालू करून फक्त तुमच्या प्रोग्रॅमचे नाव गाळणीत घाला, चूक घडवून आणा आणि त्याचे टिपणे थांबवा. मग 'नेम नॉट फाउंड' असा निकाल असलेल्या ओळी मागून पुढे वाचत या. अशा ओळी शेकड्यांनी असतात, कारण विंडोज कोणतीही गोष्ट चार ठिकाणी शोधूनच घेते. पण चौकट उमटण्याच्या लगतच्या ओळींत सीएलएसआयडी किंवा एखाद्या डीएलएलचे नाव वारंवार आलेले दिसले की तोच चोर.

एका लॉगिनवर चालते आणि दुसऱ्यावर नाही, असे असेल तर नोंद एकाच वापरकर्त्याच्या खात्यात गेली आहे. रजिस्ट्रीत सगळ्यांची आणि एकेकाची अशा नोंदी वेगळ्या राहतात. ज्या लॉगिनवर अडते तिथूनच पुन्हा सेटअप चालवावा आणि 'सर्वांसाठी' असा पर्याय असेल तर तो घ्यावा.

'क्लास नॉट रजिस्टर्ड' जर जुन्या प्रोग्रॅमवर न येता फोटो उघडताना किंवा लिंकवर क्लिक करताना येत असेल तर वरचे काहीच लागू नाही. तिथे सेटिंग्जच्या डीफॉल्ट ॲप्समध्ये त्या प्रकारच्या फाइलीसाठी प्रोग्रॅम नव्याने निवडा. तेवढ्याने न भागल्यास ॲडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीत आधी डिझमची रिस्टोअरहेल्थ आणि नंतर एसएफसी स्कॅननाऊ या दोन आज्ञा द्या, याच क्रमाने, कारण एसएफसी ज्या साठ्यातून दुरुस्ती करते तो साठा डिझम आधी नीट करते.

आणि काही प्रोग्रॅम खरेच येत नाहीत. सेटअप हरवलेला, लिहिणारा धंदा सोडून गेलेला, छपाईचा भाग कुठल्या आवृत्तीचा होता ते कोणाला ठाऊक नाही. व्हिज्युअल बेसिक ६ च्या विकासाच्या साधनांचा आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्येच थांबवला, त्यामुळे दुरुस्त करून देणारे हातही विरळ झाले आहेत. अशा वेळी चालू असलेल्या जुन्या मशीनची संपूर्ण डिस्क प्रतिमा घेऊन ती व्हर्च्युअलबॉक्स किंवा विंडोज ११ प्रोमधल्या हायपर-व्हीमध्ये चालवावी. आत जुनी विंडोज, तिला इंटरनेट तोडलेले, छपाई पीडीएफमध्ये, आणि डेटाची प्रत रोज बाहेर. जुन्या वर्षांच्या खातेवह्या लेखापरीक्षणासाठी पाहायच्या असतील तर एवढे पुरते. चालू वर्षाचा हिशेब मात्र त्यात लिहीत राहू नका. तो येत्या १ एप्रिलपासून नव्या प्रोग्रॅममध्ये सुरू करा आणि जुन्यातल्या अखेरच्या शिलका कागदावर छापून सही करून घ्या.